कपाळावरचे केस आखूडच का राहतात: ओळखायचं कसं आणि करायचं काय

वेणी कितीही नीट घातली तरी कपाळाच्या कडेला, कानशिलावर आणि मानेच्या खळग्यात काही केस सुटे राहतातच. बाकीचे केस कमरेला टेकलेले असतात आणि हे जेमतेम दोन बोटं. पार्लरमध्ये त्यांना बेबी हेअर म्हणतात आणि ते वाढावेत म्हणून तेल, सीरम, गोळ्या असं काय काय सुचवलं जातं. पण हे केस आखूड असण्याची कारणं एकाहून जास्त आहेत, आणि त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कारणावर काहीच करायचं नसतं. म्हणून कुठलीही बाटली विकत घेण्याआधी केसाचं टोक बघा. कोणता केस मुळातच आखूड आहे, कोणता तुटला आहे आणि कोणता नव्याने उगवतो आहे, हे टोक सांगतं.

लांबी कशावर ठरते

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. तो किती लांब होणार हे या वेगापेक्षा त्याचा वाढीचा काळ किती आहे यावर अवलंबून असतं. प्रत्येक केसाचं मूळ आपापलं चक्र चालवतं: आधी वाढीचा काळ, मग २-३ आठवड्यांत वाढ थांबते, मग सुमारे ३ महिने केस नुसता मुळात बसून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस येतो. डोक्याच्या मधल्या भागात वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो. कुणाचा हा काळ ४ वर्षांचा असेल तर तो केस ४८ सेंमीपर्यंत जाईल, ६ वर्षांचा असेल तर ७० सेंमीच्या पुढे. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ काही महिन्यांचाच असतो, म्हणून आयुष्यात कधी भुवई कापली नाही तरी ती डोळ्यांवर लोंबत नाही.

कपाळाच्या कडेची मुळं या दोन्हींच्या मधली असतात. तिथे डोक्याची त्वचा संपून कपाळाची सुरू होते. मुळं लहान, त्वचेत कमी खोल आणि त्यांचा वाढीचा काळ थोडा. एखाद्या मुळाचा वाढीचा काळ ६ महिन्यांचा असेल तर त्याचा केस ६ सेंमीचा होईल आणि गळून जाईल. तो अडलेला नसतो, कमजोरही नसतो. त्याची लांबी तेवढीच.

जाडीचंही तसंच. अंगावरच्या लवेसारख्या केसाची जाडी ०.०३ मिमीपेक्षा कमी असते आणि डोक्यावरचा भरदार केस ०.०६ मिमीच्या पुढे असतो. कपाळाच्या कडेला हे दोन्ही प्रकार आणि त्यांच्या मधले केस एकत्र नांदतात. केसरोपण करणारे डॉक्टर पुढच्या ओळीत मुद्दाम एकेका केसाचंच मूळ बसवतात, कारण तिथे एकदम दाट रेघ आली तर ती टोप घातल्यासारखी दिसते. म्हणजे ज्या विरळ, आखूड केसांवर आपण वैतागतो, त्यांच्यामुळेच चेहऱ्याची कड नैसर्गिक दिसते.

केस कापल्याने किंवा तासल्याने ही लांबी बदलत नाही. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात असं घरोघरी म्हणतात. दिसतं तसं खरं, पण त्याचं कारण वेगळं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. वस्तरा तो केस मधेच, जाड भागावर कापतो, त्यामुळे वर येणारा खुंट बोथट आणि राठ लागतो. शिवाय बाळ मोठं होईल तसे केस आपोआप जाड होत जातात. वस्तरा त्वचेखालच्या मुळापर्यंत पोचतच नाही. कपाळावरचे आखूड केस दाट व्हावेत म्हणून कुणी ते तासायला सांगितले तर ऐकू नका. १०-१५ दिवसांत तिथे उभे खुंट दिसतील, आणि ते खाली बसायला काही महिने जातील.

टोक कसं बघायचं

केस शाम्पूने धुऊन पूर्ण वाळू द्या. तेल, जेल काही नको. सकाळी खिडकीपाशी बसा, ट्यूबलाइटच्या उजेडात नीट दिसत नाही. कोऱ्या पांढऱ्या कार्डाचा तुकडा घ्या, लग्नपत्रिकेची मागची बाजू चालेल. मोठे केस मागे बांधा, आखूड केस बोटाने पुढे आणा आणि त्यांच्या मागे, कपाळाला चिकटवून कार्ड धरा. दुसऱ्या कुणाला भिंगातून बघायला सांगा. टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या घरात धागे मोजायचं घडीचं भिंग असतंच, ते यासाठी अगदी योग्य. नसेल तर मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करून बघा. कपाळाचा मध्य, दोन्ही कानशिलं आणि कानामागे, अशा सगळ्या जागा बघा, कारण एकाच डोक्यावर दोन कारणं असू शकतात.

टोक निमुळतं, केस मुळापासूनच मऊ, बारीक, रंगाने थोडा फिका आणि लहानपणापासून असाच असेल, तर तो तुमचा नैसर्गिक काठ आहे. लहानपणीच्या फोटोत, विशेषतः शाळेच्या ओळखपत्रावर, कपाळाची कड स्वच्छ दिसते. तो फोटो शेजारी ठेवून बघा.

टोक निमुळतं, पण केस मुळाशी बाकीच्यांइतकाच जाड आणि काळा, आणि असे केस एकदम बरेच, साधारण एकाच लांबीचे, फक्त कपाळावर नाही तर भांगातही उभे असतील, तर ते नव्याने उगवत आहेत. ही चांगली खूण आहे.

टोक बोथट, तिरकं तुटलेलं किंवा फाटलेलं, लांबी कमी-जास्त, आणि जिथे रबर, पिन, हेल्मेट किंवा स्कार्फ बसतो नेमकी तीच जागा असेल, तर केस वाढतोय पण तुटतोय.

चौथा प्रकार ओळखायला कठीण. एकाच भागात जाड, मध्यम, बारीक असे सगळे केस मिसळलेले, कानशिलावरची कड हळूहळू मागे सरकलेली किंवा भांग रुंद होत चाललेला. इथे मुळंच लहान होत चालली आहेत. हे आनुवंशिक असतं. पुरुषांत बहुधा कानशिलापासून सुरू होतं. बायकांत कपाळाची कड बऱ्याचदा जागेवर राहते आणि भांगाभोवती विरळ होतं.

टोकावरून ठरत नसेल तर मोजा. एक ठरावीक जागा धरा, समजा डाव्या भुवईच्या टोकाच्या सरळ वरची. तिथले सर्वांत लांब ४-५ आखूड केस पट्टीवर धरून लांबी लिहून ठेवा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच खिडकीत, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. ३ महिन्यांत लांबी अडीच-तीन सेंमीने वाढली तर केस उगवत आहेत. लांबी तेवढीच आणि टोक निमुळतं असेल तर ती त्यांची हद्द. लांबी तेवढीच आणि टोक बोथट असेल तर जेवढं वाढतं तेवढं तुटतं. रोज आरशात बघून यातलं काही कळत नाही, म्हणून महिन्याचा हिशोब ठेवा.

ओढ: सर्वांत जास्त नुकसान इथे होतं

कपाळावरचे केस बारीक आणि त्यांची मुळं उथळ, आणि घट्ट वेणीचा, अंबाड्याचा सगळा ताण नेमका त्यांच्यावर येतो. शाळेच्या दोन वेण्या, रिबिनीने वर बांधलेल्या, वर्षानुवर्षं रोज सकाळी. त्यानंतर नोकरी लागली की घट्ट अंबाडा. आधी केस तुटतात, मग मुळाशी बारीक पुळ्या येतात, मग कानशिलाजवळचा पट्टा विरळ होतो. ओढीने झालेल्या विरळपणाची एक ठळक खूण आहे: अगदी कडेला बारीक केसांची झालर शिल्लक राहते आणि तिच्या मागचा पट्टा रिकामा होतो. झालरीतले केस इतके आखूड असतात की ते वेणीत येतच नाहीत, म्हणून वाचतात. अशी झालर दिसली तर बांधण्याची पद्धत त्याच दिवशी बदला. सुरुवातीला थांबवलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो, आणि मग कुठल्याही औषधाने तिथे केस येत नाही. आई मुलीची वेणी घालते तेव्हाच हे थांबवता येतं, म्हणून यावर इतका भर देतो आहोत.

घट्ट किती हे ओळखायला सोपं आहे. वेणी घातल्यावर भुवया वर करताना ताण जाणवला, मुळाशी दुखलं, किंवा संध्याकाळी वेणी सोडल्यावर हायसं वाटलं, तर ती घट्ट होती. मुलगी वेणी घालताना डोकं मागे ओढून घेते, ती हट्ट करत नसते. तिला दुखत असतं.

वेणी अशी घाला. केस कोरडे किंवा किंचित दमट असावेत, ओले अजिबात नकोत. ओला केस सहज ताणला जातो, वाळताना आवळतो, आणि सकाळी बरी वाटलेली वेणी तासाभरात मुळाशी ओढू लागते. कपाळाच्या कडेचा १ सेंमीचा पट्टा वेणीत घेऊच नका, तसाच सोडा. वेणीचे पहिले २-३ पेड सैल घाला, आवळायचं ते कानाच्या खाली. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या असतील तर त्या कानाच्या वर बांधण्याऐवजी कानामागे, खाली बांधा. नियमही पाळला जातो आणि ओढही कमी होते. भांग दर आठवड्याला बोटभर इकडेतिकडे करा. नोटांच्या गड्डीला लावतात ते उघडं रबर केसांना कधीच लावू नका, कापड चढवलेलं घ्या. रात्री वेणी सोडून सैल पेड घालून झोपा.

गजरा माळायला हरकत नाही. लग्नसराईत चार-पाच पदरी गजऱ्याचं वजन जर दोन पिनांवर, कानशिलाजवळच्या केसांत टांगलं असेल तर तिथून केस उपटतात. पिना अंबाड्याच्या जाड भागात खोवा आणि वजन चार-सहा पिनांवर वाटा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळतात ते दातेरी प्लास्टिकचे हेअरबँड लहान मुलींना रोज घालू नका, दाते रोज त्याच रेषेवर घासतात.

कारखान्यात, यंत्रमागावर किंवा शिलाई मशिनवर काम करणाऱ्या बायकांना केस घट्ट बांधणं भाग असतं. तिथे सैल बटा ठेवणं धोक्याचं आहे आणि तो सल्ला कुणी देऊ नये. मानेवर खाली सैल अंबाडा घाला आणि वरून सुती रुमाल बांधा. केस सुरक्षित राहतील ते रुमालामुळे, केस आवळायची गरज उरणार नाही. रुमालाची गाठ मागे, मानेवर असू द्या.

घासणं: टॉवेल, स्कार्फ, हेल्मेट

सोलापुरी टॉवेल पाणी टिपायला उत्तम. त्याच्या पृष्ठभागावरचे सुताचे फासे पाणी शोषतात, पण ओल्या केसांवर तो घासला की तेच फासे केस अडकवून तोडतात. कपाळाची कड आपण चेहरा पुसतानाही घासतो, म्हणजे त्या केसांना दुप्पट मार. टॉवेल केसांवर ठेवून हाताने दाबा, ५-६ वेळा जागा बदलून. मोठा अंघोळीचा टॉवेल पिळून डोक्यावर फेटा बांधायची सवय सोडा. ओला झाला की तो जड होतो आणि त्याचा पीळ नेमका कपाळावरून केस मागे खेचतो. त्याऐवजी जुना मऊ पंचा १० मिनिटं गुंडाळा, सैल.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा दुचाकीवर स्कार्फ बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. तो बांधाच, उन्हाने केस कोरडे आणि ठिसूळ होतातच. फक्त कापड बघून घ्या. जॉर्जेट किंवा इतर कृत्रिम कापडाची ओढणी घामाने चिकटते आणि प्रत्येक वेळी मान वळवताना कड घासते. धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या आणि पहिला वेढा कपाळाच्या कडेवर न घेता भुवयांच्या थोडा वर घ्या. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घाला. हेल्मेट काढताना ते मागे न खेचता दोन्ही बाजूंना पट्टे ताणून सरळ वर उचला. टोपी रोज धुवा, वाळलेल्या घामाचं मीठ आणि धूळ केसांवर बसून ते राठ होतात.

पाणी

सोलापूर शहराला उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पुष्कळ घरांत डोकं धुवायला बोअरचं पाणी वापरतात. ते बहुधा जड असतं, बादलीवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. त्याने केस मुळातून गळत नाहीत. पण साबणाशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. म्हणून जड पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावू नका, शाम्पू लावा. रिठाही चालतो, त्याचा असा साका होत नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्या, तेवढे पुरतात. रिठा किंवा शिकेकाई वापरत असाल तर उकळून फडक्याने गाळून घ्या. पूड तशीच चोळली तर खरखरीत कण कडेचे बारीक केस घासून काढतात.

विंचरायला मोठ्या दातांचा कंगवा घ्या. आधी टोकं, मग मधला भाग, मग मुळं. बारीक दातांची फणी उवांसाठी ठेवा.

पार्लर आणि सलून

कपाळाचं थ्रेडिंग करताना कडेचे आखूड केसही उपटले जातात. दर महिन्याला हे झालं की तिथे कायम २-३ सेंमीचेच केस दिसतात आणि आपण म्हणतो, वाढतच नाहीत. धागा कुठपर्यंत न्यायचा ते आधी सांगा. चेहऱ्याचं ब्लीच लावताना कडेला व्हॅसलीनची पट्टी ओढायला सांगा.

स्ट्रेटनिंग, रीबाँडिंग किंवा रंगाच्या वेळी मागच्या जाड केसांना लागणारा वेळ पुढच्या बारीक केसांना फार होतो. पुढचा १ सेंमीचा पट्टा वगळायला सांगा, किंवा तिथे रसायन सर्वांत शेवटी लावायला सांगा. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांत रंगाचं रसायन असतं, आणि त्याची ॲलर्जी आली तर खाज, लाली, सूज बहुधा कपाळाच्या कडेला आणि कानांवर आधी येते. नवी पुडी वापरण्याआधी कानामागे थोडासा लेप लावून ४८ तास बघा. खाज आली तर ती पुडी फेका.

पुरुषांच्या बाबतीत सर्वांत साधं कारण विसरलं जातं. कटिंग करताना पुढची लाईन काढायला वस्तरा किंवा ट्रिमर लावतात. दर कटिंगला असं केलं तर कडेला बोथट खुंटच राहणार. ३ महिने लाईन काढू देऊ नका, मग बघा किती केस आपल्या लांबीला येतात.

आजार आणि बाळंतपण

डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, घाईने घटवलेलं वजन किंवा बाळंतपण, यानंतर २-३ महिन्यांनी केस एकदम मूठभर गळू लागतात. शरीरावर ताण आला की पुष्कळ मुळं एकाच वेळी वाढ थांबवतात, आणि ३ महिन्यांची विश्रांती संपली की ते सगळे केस एकत्र सुटतात. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष शाम्पूवर जातो. अशा वेळी कॅलेंडर ३ महिने मागे न्या, कारण बहुधा तिथे सापडतं.

यात मुळं शाबूत असतात. गळती साधारण ३ ते ६ महिन्यांत थांबते आणि कपाळाच्या कडेला उभ्या केसांची एक रांग दिसू लागते. बाळंतिणीला ती बाळ वर्षाचं होईपर्यंत ठळक दिसते. तिला कापू नका, चापून बसवायलाही जाऊ नका. बाळंतिणीच्या डोक्याला थंडी-वाऱ्यासाठी रुमाल बांधतात, तो सैल आणि सुती असू द्या. घट्ट गाठीने नेमके हेच नवे केस घासले जातात. हे केस मोठ्या केसांना गाठायला वेळ घेतात: हनुवटीपर्यंत यायला दीड-दोन वर्षं, खांद्यापर्यंत यायला अडीच ते तीन. हा हिशोब आधीच माहीत असला की तीन महिन्यांत तेल बदलावंसं वाटत नाही.

आहारात दोन गोष्टी बघा, प्रथिनं आणि लोह. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच आहे, पण रोजच्या ताटात मटकी, हुलगे, डाळ, दही किंवा अंडी यातलं काहीतरी दोन्ही वेळा हवं. जेवणावर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. चहा जेवणानंतर लगेच न घेता तासाभराने घ्या. पाळीत जास्त रक्त जात असेल तर नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा. थायरॉइडही बघा. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बहुतेकांना गरज नसते. शिवाय मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकवू शकतं, म्हणून गोळी चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा.

तेल आणि औषध

खोबरेल तेल केसाच्या दांडीत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. तेवढं त्याचं काम चोख आहे. वाढीचा काळ ते वाढवत नाही, कुठलंच तेल वाढवत नाही. धुण्याआधी अर्धा तास ते दोन तास, लांब केसांना १ ते २ चमचे आणि कपाळाच्या कडेला फक्त ३-४ थेंब, बोटाच्या पेराने टेकवून. चोळून मालिश केली तर बारीक केस मोडतात. रात्रभर तेल थापून ठेवलं तर कपाळावर पुळ्या येतात, आणि कोंडा असलेल्यांचा कोंडा वाढतो. कांद्याचा रस, लसूण, लिंबू यांनी कडेची नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. लावू नका.

मिनॉक्सिडिल हे औषध आनुवंशिक विरळपणावर चालतं. नैसर्गिक काठावर त्याचा उपयोग नाही आणि तुटणाऱ्या केसांवरही नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर साधारण १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या त्वचेवर. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, ते अपेक्षित असतं, घाबरून बंद करू नका. फरक दिसायला किमान ४ महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात. टाळूपेक्षा कपाळाच्या कडेला परिणाम सहसा कमी असतो. औषध कपाळावर ओघळलं तर तिथे लव वाढते, म्हणून लावल्यावर हात धुवा आणि वाळल्याशिवाय उशीवर डोकं टेकू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये. घरात मांजर असेल तर बाटली आणि लावलेलं डोकं दोन्ही तिच्यापासून लांब ठेवा, मांजरासाठी हे औषध विषारी आहे.

नैसर्गिक काठ असेल तर

मग फक्त बसवायचं. तांदळाएवढं कोरफडीचं जेल बोटांत पसरवा, मऊ टूथब्रशने केस ज्या दिशेला आपणहून वळतात त्याच दिशेला झोपवा आणि पंच्याचा तुकडा २ मिनिटं दाबून धरा. थंडीत हवा कोरडी असते आणि केस उडतात, तेव्हा जेलऐवजी तळव्यावर चोळलेला खोबरेलाचा एक थेंब पुरतो. कडक होणारं जेल लावलं असेल तर रात्री ते कोरडं विंचरून काढू नका, आधी पाण्याने भिजवा. काही जणींना हे केस मोकळे, चेहऱ्यावर हलके भुरभुरलेलेच छान दिसतात, आणि आमचं मतही तेच आहे.

डॉक्टरांकडे कधी

कपाळाची कड गुळगुळीत, चकचकीत होऊन तिथली बारीक लवही गेली असेल आणि भुवया विरळ होत असतील, तर वाट बघू नका. या आजारात मुळं कायमची जातात, पण वेळेवर उपचार सुरू केले तर आजार पुढे सरकायचा थांबू शकतो. पाळी बंद झालेल्या बायकांत तो जास्त दिसतो. नाण्याएवढी गोल चाई पडली असेल, मुलाच्या डोक्यात खवले येऊन केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके उरले असतील, मुळाशी पू, जळजळ किंवा दुखणं असेल, तरी जा. मुलांच्या डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही, पोटात औषध घ्यावं लागतं. ओढ थांबवून ६ महिने झाले आणि पट्टा रिकामाच असेल, तरीही दाखवा.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे लोक सिव्हिल म्हणतात तिथे, त्वचारोग विभाग आहे. खासगी त्वचारोगतज्ज्ञही आहेत. जाताना महिन्या-महिन्याचे फोटो, गेल्या वर्षभरातल्या तापाची, ऑपरेशनची, बाळंतपणाची तारीख आणि चालू गोळ्यांची नावं न्या. डॉक्टर ५०-६० केसांची बट धरून हलकेच ओढून किती सुटतात ते बघतात. त्यासाठी आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, नाहीतर सुटायचे ते केस आधीच गेलेले असतात. तेल लावून जाऊ नका, कारण तेलकट त्वचेवर भिंगातून मुळांची तोंडं नीट दिसत नाहीत. आणि वेणी नेहमी घालता तशीच घालून जा, म्हणजे ओढ कुठे पडते ते त्यांना समोरच दिसेल.